रीजन्सी गाऊन घरी शिवताय? या चुका टाळा, आणि आधी पाठ बघा

जुलै उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. इंग्लंडमधल्या बाथ शहरात दर सप्टेंबरात जेन ऑस्टिन महोत्सव भरतो, माणसं त्या काळचे कपडे घालून रस्त्यातून मिरवतात, आणि तिकडे शिकायला-नोकरीला गेलेल्या आपल्या मुलींना ऐन वेळी हौस येते. इकडे कॉलेजच्या नाटकवाल्यांचं आणि फोटोशूटवाल्यांचं वर्षभर चालूच असतं. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच: "काकू, सगळं बरोबर शिवलंय, कंबर वर घेतलीय, फुग्याच्या बाह्या लावल्यात, तरी नाइटी का दिसतेय?"

दिसणारच. पुढून काढलेले चार फोटो बघून शिवलेला गाऊन नाइटीच दिसतो. या पोशाखाचं सगळं कसब पाठीत आणि आतल्या कपड्यांत आहे, आणि नेमकं तेच कोणाला करायचं नसतं.

आधी काळाचं बोलू, ते एका परिच्छेदात आटपतं. काटेकोरपणे रीजन्सी म्हणजे 1811 ते 1820. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज आजारी होता आणि युवराज त्याच्या वतीने राज्य बघत होता, तो काळ. उंच कमरेची फॅशन मात्र 1790 च्या दशकाच्या अखेरीलाच रुळली होती. या वीस-पंचवीस वर्षांत गाऊन एकसारखा राहिला नाही. सुरुवातीचे पांढरे, मऊ, मागे जमिनीवर लोळणारे. शेवटचे खाली पसरत जाणारे, तळाशी झालरी आणि पट्ट्यांनी जड झालेले. 1798 चा लोळणारा घोळ आणि 1818 च्या झालरी एकाच गाऊनला लावू नका. एक साल ठरवा आणि त्याच्या आसपासचेच नमुने बघा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधल्या खऱ्या गाऊनचे फोटो त्यांच्या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतात. मालिकांमधले गाऊन सुंदर असतात, पण तिथे वेशभूषाकाराने आपल्या मनाचं पुष्कळ घातलेलं असतं. त्यावरून बेतू नका.

मापाचा ब्लाउज समोर ठेवून कापणं

ही आपली खास चूक. मापाचा ब्लाउज पसरायचा, छातीखाली रेघ मारायची, खाली घेर जोडायचा, झाला गाऊन! कटोरी असो की प्रिन्सेस कट, आपल्या ब्लाउजला छातीचा आकार टक्सनी किंवा कापाने येतो. रीजन्सी गाऊनच्या पुढच्या भागात फारसं काही नसतंच. थोड्या चुण्या, गळ्याला नेफा, त्यात नाडी. आकार येतो तो आत घातलेल्या स्टेजमुळे (इंग्रजीत stays, रंगमंच नव्हे). स्टेज म्हणजे त्या काळची काचोळीच, पण कंबर आवळणारी नाही, छाती वर उचलून धरणारी. आखूड असली तर छातीखाली संपते, लांब असली तर नितंबांपर्यंत जाते आणि पुढे मधोमध लाकडाची चपटी पट्टी असते.

म्हणून क्रम असा: आधी आतला शेमीज, मग स्टेज, मग पेटीकोट, आणि हे सगळं अंगावर चढवून मग गाऊनची मापं. रोजच्या ब्रावर माप घेतलं की कमरेची शिलाई दोन-तीन बोटं खाली येते. वर स्टेज घातली की छाती वर जाते, शिलाई तिथेच राहते आणि मध्ये रिकामी पिशवी लोंबते. उलटंही होतं. गाऊन स्टेजवर बेतलेला आणि ऐन दिवशी "टोचतंय" म्हणून ती काढून ठेवलेली. मग शिलाई बरोबर छातीवर चढते. ते इतकं वाईट दिसतं की बघणाऱ्यालाच अवघडायला होतं.

स्टेज शिवायला वेळ लागतो हे मला मान्य आहे. हाडं घालायची नसतील तर दोन थरांमध्ये सुती दोरी घालून ओळीने टिपा मारा, त्या काळीही असं करत. फक्त फोटोच काढायचे असतील तर पट्ट्या आवळलेली, खालून आधार देणारी ब्रा चालून जाईल. पण मग तीच ब्रा घालून मापं घ्या आणि त्या दिवशीही तीच घाला. "आतलं कोणाला दिसतंय" म्हणणाऱ्यांना माझ्याकडे उत्तर नाही, कारण आतलंच तर बाहेर दिसतं.

पाठ आणि मुंढा

खऱ्या गाऊनची पाठ बघितली की कळतं, आपल्या ब्लाउजच्या पाठीशी तिचा काही संबंध नाही. खांद्याची शिलाई खांद्यावर नसते, ती मागे उतरलेली असते. मधला तुकडा अरुंद, आणि कमरेच्या शिलाईपाशी तर जेमतेम चार-पाच बोटं. मुंढ्यापासून, म्हणजे बाही जोडायच्या भोकापासून, कमरेकडे वळत आलेल्या दोन शिलायांमुळे पाठीवर हिऱ्याचा आकार दिसतो. बाही पाठीत आत शिरलेली, तिच्या चुण्याही खांद्याच्या टोकावर नाहीत, थोड्या मागे. आणि मुंढा लहान, अगदी बगलेपर्यंत वर. याने खांदे मागे जातात आणि मान लांब दिसते. चित्रांतल्या बायका तशा ताठ का उभ्या दिसतात, त्याचं बरंचसं उत्तर या कापात आहे.

आता शिकाऊ माणूस काय करतो? लहान मुंढा घातल्यावर बगलेत लागतो. लागला की कात्री घेतो आणि खालून कोरतो. इथून पुढे सगळं बिघडत जातं.

एका नाट्यगटाचं उदाहरण सांगते. इंग्रजी नाटक, बॉलरूमचा प्रवेश, नायिकेचा पांढरा गाऊन. शिवणारी बाई ब्लाउज उत्तम शिवणारी, हात स्वच्छ, टीप सरळ. रंगीत तालमीला मला बोलावलं, म्हणे थोडी फिटिंग बघा. मुलगी उभी राहिली तेव्हा गाऊन छान दिसला. संगीत सुरू झालं, तिने जोडीदाराला द्यायला हात वर केला आणि अख्खी चोळी, म्हणजे गाऊनचा कमरेवरचा भाग, हाताबरोबर वर आली. कमरेची शिलाई छातीच्या मध्यावर, मागून पेटीकोटची पट्टी बाहेर. हात खाली केला तरी चोळी खाली येईना. बिचारी प्रत्येक गिरकीनंतर दोन्ही हातांनी गाऊन ओढत होती, आणि दिग्दर्शक ओरडत होता, "हे काय मध्येच?"

बाही उलटी करून बघितली तर मुंढा बगलेपासून चांगला चार बोटं खाली. विचारलं तर कळलं, दर ट्रायलला मुलगी "घट्ट" म्हणायची आणि दर ट्रायलला मुंढा थोडा थोडा कोरला जायचा. जितका कोरला तितका हात अडकत गेला, म्हणून आणखी कोरला. हे गणित लोकांना उलटं वाटतं, पण मुंढा बगलेजवळ असला तर हात मोकळा हलतो आणि चोळी जागेवर राहते. मुंढा खाली गेला की बाही चोळीच्या बरगडीजवळच्या भागाला जोडली जाते, मग हात उचलला की तो भागच वर ओढला जातो. बगलेत लागतोय म्हणजे बहुतेक वेळा बाहीला मागून कापड कमी पडतंय, किंवा पाठ रुंद कापल्यामुळे बाही पुढे ढकलली गेलीय. उपाय खाली नसतो, मागे असतो.

त्या रात्री दोन्ही बाह्या उसवल्या. जादा कापड नव्हतं. मग खालची दुमड सोडून त्यातून पट्टी काढली, दोन तुकडे कापून मुंढ्याच्या तळाला जोडले आणि मुंढा वर आणला. बाहीच्या शिलाईत मागच्या बाजूला, जुन्या सदऱ्यांना चौबगला असायचा तसा तुकडा घातला आणि बाही फिरवून चुण्या मागे नेल्या. अस्तर आणि वरचं कापड एकत्र टाचून सगळं हाताने, उलट्या टीपेने शिवलं. मशीन त्या कोपऱ्यात शिरत नाही, शिरवलं तर चुणी पकडतं. घालून बघताना मुलगी म्हणाली, "काकू, बगलेत लागतंय." म्हटलं, "लागू दे. हात वर कर." केला. शिलाई जागची हलली नाही.

म्हणून माझी सवय: पाठ आधी मांजरपाटात कापायची. स्टेजवर चढवायची, टाचण्या लावायच्या, एक बाही कच्च्या टाक्यांनी जोडायची आणि मग घालणारीला केसांचा अंबाडा घालायला सांगायचं. अंबाडा घालता आला आणि कमरेची रेघ हलली नाही, तर खऱ्या कापडाला कात्री. मांजरपाटाचे पैसे वाचवणाऱ्या मुली नंतर महागाचं कापड पुन्हा विकत आणतात. दुकानदार खूश होतात.

कापड

या फॅशनमागे बंगालच्या मलमलीचा मोठा हात आहे. ढाक्याची मलमल ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून तिकडे जायची आणि तिचं इतकं वेड होतं की स्कॉटलंडमधल्या ग्लासगो-पेझलीकडच्या मागांवर तिच्या नकला विणल्या जाऊ लागल्या. तेव्हा कापडासाठी परदेशी संकेतस्थळं धुंडाळू नका, आपल्या गल्लीतल्या मॅचिंग सेंटरमध्ये जा. टू बाय टू रुबिया चोळीला उत्तम, वॉयल घेराला उत्तम. साडीची मऊ मलमल एकटीच वापरली तर चोळी विरघळल्यासारखी होते, तिला आतून केंब्रिकचं अस्तर द्या. पॉलिएस्टर जॉर्जेट नको, शिफॉन तर नकोच. दुकानदार "प्युअर कॉटन" म्हणाला तरी काठाचा धागा जाळून बघा: सुती धाग्याची राख होते आणि कागद जळल्याचा वास येतो, पॉलिएस्टरची कडक गोळी होते.

आणि कापड धुवून घ्या. हे मी दर वेळी सांगते आणि दर वेळी कोणीतरी न धुता कापतं. सुती कापड आटतं. वर पांढऱ्यातही फरक पडतो: त्या नाटकाच्या गाऊनला दुमडीतली कोरी पट्टी लावली ती दिव्यांखाली उरलेल्या गाऊनपेक्षा पांढरीशुभ्र दिसत होती. बगलेत होती म्हणून निभावलं.

गाऊन पारदर्शक दिसतो अशी तक्रार येते. पेटीकोट घाला. त्या काळच्या व्यंगचित्रकारांनी झिरझिरीत गाऊनांची भरपूर खिल्ली उडवली, ती चित्रं बघून "तेव्हा बायका आत काही घालत नसत" असं समजायचं कारण नाही.

साडीचा गाऊन

कल्पना चांगली आहे, तिकडच्या हौशी मंडळींतही लोकप्रिय आहे. सुती साडीचा काठ तळाला फार देखणा दिसतो. पण दोन गोष्टी बघा. काठ खाली ठेवायचा म्हणजे साडीचा पन्हा हीच गाऊनच्या घेराची उंची. पन्हा असतो 44 ते 47 इंच. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईला छातीखालून घोट्यापर्यंत तो जेमतेम पुरतो. उंच मुलींना पुरत नाही, मग वरून पट्टी जोडून कंबर खाली आल्यासारखी दिसते. कापायच्या आधी टेप लावा. दुसरं, काठ सरळ असतो, म्हणून घेरही सरळ तुकड्यांचाच हवा, म्हणजे 1800 च्या आसपासची पद्धत. 1818 च्या कळीदार घेराला काठ लावायला गेलात तर तो वाकतो आणि प्रत्येक जोडापाशी फुगतो.

जड रेशमी साडी घेऊ नका. उभा धागा आडवा फिरतो, कापड पडत नाही आणि बाई लॅम्पशेड घालून उभी असल्यासारखी दिसते. आजीच्या पैठणीला कात्री लावायची परवानगी मागायला माझ्याकडे येऊ नका.

उरलेलं, थोडक्यात

चुण्या कमरेभर सारख्या वाटू नका. पुढे जवळजवळ सपाट, सगळा घेर मागे मधोमध, दोन धावदोरे घालून आवळलेला.

चेन लावू नका. चेन विसाव्या शतकातली. नाडी, आकडे, काज-बटणं, नाहीतर चक्क टाचण्या, त्याही वापरत.

इलास्टिक बाहीतही नको, गळ्यातही नको. पाच मिनिटं वाचतात आणि गाऊन फ्रॉक होतो.

स्टेजला धातूच्या रिंगा ठोकू नका. भोक सुईने किंवा आरीने धागे बाजूला सारून करा, कात्रीने नव्हे, आणि भोवती काजाचे टाके घाला.

मशीन वापरलं तर चालतं का? सिंगरचं पेटंट 1851 चं, म्हणजे खरा रीजन्सी गाऊन मुळात हातशिलाईचाच. पण पेटीकोटच्या लांब शिलाया मी मशीनवर मारते आणि मला त्याचं काही वाटत नाही. गळा, मुंढा आणि खालची दुमड हाताने. वरून दिसणारी मशीनची टीप लांबूनही ओळखू येते. दोन दिवसांत गाऊन हवा असेल तर भाड्याने आणा.

शाल घ्यायचीच तर कोयरीची घ्या. काश्मिरी शालींचं तेव्हा तिकडे वेडच होतं, आणि गाऊनमधल्या निम्म्या चुका ती झाकते.

खालची दुमड शेवटी. गाऊन रात्रभर हँगरला टांगून ठेवा, कळीदार घेर उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, भागात खाली ओढला जातो. मग ज्या चपला घालून मिरवणार त्याच पायात घालून लांबी धरा. त्या काळचे बूट सपाट होते. हिल्सवर धरलेली लांबी सपाट चपलांवर जमीन झाडते, आणि पांढरं वॉयल एकदा डांबरी रस्त्यावरून घासलं की त्याचे डाग साबणाने निघत नाहीत, ब्लीच केलं तर कापड विरतं.