रिमोट डेस्कटॉप सारखं तुटतंय? फायरवॉल बंद करण्याआधी या चुका टाळा

रिमोट डेस्कटॉप (दूरचं मशीन आपल्या स्क्रीनवरून चालवायची विंडोजची सोय) दोन-चारदा तुटलं की वैतागून फायरवॉलच बंद करणारे बरेच असतात. यातली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सेशन टिकलं तरी नेमकी कुठली सेटिंग आडवी येत होती ते कळत नाही, आणि मशीन मात्र उघडं पडतं.

आधी सेशन कधी तुटतं ते बघा. काम चालू असताना टिकतं, पण अर्धा-पाऊण तास हात न लावता ठेवलं की जातं? मग संशय आयडल टाइमआउटवर, म्हणजे निष्क्रिय राहण्याच्या वेळमर्यादेवर घ्या. कनेक्शनवर हालचाल नसेल तर फायरवॉल ठरावीक वेळाने त्याची नोंद पुसून टाकते. विंडोजचं टीसीपी कीप-अलाइव्ह (कनेक्शन जिवंत ठेवणारं छोटं पॅकेट) मुळात 2 तासांनी जातं, तोवर उशीर झालेला असतो. यजमान मशीनच्या, म्हणजे ज्याला जोडता त्याच्या, ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या नियमांच्या सेटिंग्जमध्ये), रिमोट डेस्कटॉप सेशन होस्टखाली ‘कनेक्शन्स’मध्ये कीप-अलाइव्हचा इंटर्व्हल असतो, तो चालू करून 1 मिनिट ठेवा.

मात्र त्याआधी यजमान मशीनवर इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजच्या नोंदी बघायचं टूल) उघडाच. लोकल सेशन मॅनेजरच्या लॉगमध्ये इव्हेंट 40 शोधा. कारणाचा कोड 3 असेल तर यजमान मशीननेच आयडल मर्यादेमुळे सेशन तोडलंय. 5 असेल तर दुसऱ्या कनेक्शनने तुमची जागा घेतलीय. दोन्हींत फायरवॉलचा काही संबंध नाही. हा लॉग न बघता नेटवर्कवाल्यांच्या मागे लागणं म्हणजे दोघांचाही वेळ वाया.

ऐन कामात स्क्रीन गोठून ‘रीकनेक्टिंग’ येत असेल तर यूडीपी (टीसीपीच्या जोडीने वापरला जाणारा डेटा पाठवायचा दुसरा मार्ग) तपासा. रिमोट डेस्कटॉपच्या 3389 पोर्टवर यूडीपी पूर्ण बंद असेल तर काम टीसीपीवर निभावतं. जोडणी होऊन मध्येच पॅकेट्स अडवली गेली की मात्र खोळंबा होतो. क्लायंटवर, म्हणजे तुमच्या मशीनवर, यूडीपी बंद करून बघा. फरक पडला तर दोषी सापडला.

लॉगिन होतं पण व्हीपीएनवर स्क्रीन काळीच राहते? तिथे बऱ्याचदा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) नडतो. सुरक्षेच्या नावाखाली आयसीएमपी (नेटवर्कवरच्या अडचणी कळवणारे निरोप) सरसकट अडवलेलं असेल तर ‘पॅकेट मोठं आहे’ हा निरोप परत पोचतच नाही. व्हीपीएन अॅडॅप्टरचा एमटीयू 1300 करून पाहा.

एनएलए (नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन, सेशन सुरू होण्याआधीची ओळख-पडताळणी) बंद करू नका. ती पडताळणी सुरुवातीलाच होते, मध्येच तुटण्याशी तिचा संबंध नसतो. आणि 3389 थेट इंटरनेटवर उघडणं तर नकोच. 2019 मधली ब्लूकीप त्रुटी याच सेवेतली होती.