डुटीवर नसलेला फौजी चित्रात कसा काढायचा

सातारा भागात पोरांना फौजी काढ म्हटलं की आधी बंदूक येते, मग झेंडा, मग मागं स्फोट. पण लढाई चालू असतानासुद्धा जवानाचा कितीतरी वेळ कॅम्पात वाट बघण्यातच जातो आणि मला विचाराल तर तेच काढणं जास्त अवघड, कारण तिथं काहीच घडत नसतं.

आधी चांगली चित्रं बघा, नेटवर मिळतात. अमेरिकन यादवी युद्धात विन्स्लो होमर या अमेरिकन चित्रकाराला एका साप्ताहिकानं आघाडीवर पाठवलेलं, त्याचं 1863 च्या आसपासचं 'होम, स्वीट होम' झूम करून बघा. तंबूपुढं दोन सैनिक, आगीवर छोटं भांडं, लांब मागं बँड वाजतोय आणि हे दोघं नुसतं ऐकतायत, बास. घरची आठवण त्यांच्या खांद्यात आणि मानेत दिसते. मग स्टॅन्ली स्पेन्सर हा इंग्रज चित्रकार बघा. तो स्वतः पहिल्या महायुद्धात मॅसिडोनियाला होता आणि नंतर इंग्लंडात बर्गक्लेअर गावच्या चॅपलमधे, म्हणजे छोट्या चर्चमधे, त्यानं भिंतीच्या भिंती रंगवल्या, 1932 ला काम संपलं, त्यात बाटल्यांत पाणी भरणं, अंथरूण घालणं असलीच कामं आहेत, लढाई नाहीच.

आता गावात चला. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या 46 जणांचा स्तंभ आहे, तो बघाच, पण आपल्या आजूबाजूलाही रिटायर झालेले फौजी, म्हणजे आपले मेजर, असतातच, त्यांच्यापाशी बसा. "लढाईत काय झालं?" असं लगेच विचारू नका. मेजर, आंघोळीला पाणी कुठून आणायचा, ट्रंकेत काय काय असायचं, पत्त्यात कोण चिडायचं, असं विचारा, मग बघा कसे हात हलवून सांगतात. ते हातच काढा, तिथल्या तिथं, पेन्सिलनं, खोडरबर न वापरता. जुने फोटो कपड्यांसाठी ठीक, पण बसण्याची ढब त्यातून घेऊ नका, फोटोत सगळे ताठ झालेले असतात.

प्रसंग एकच घ्या. मी पत्राचा घेईन. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होत्या, 1915-16 ला तिथल्या कुत गावच्या वेढ्यातही अडकल्या, आणि त्या काळात बऱ्याच जवानांना लिहिता यायचं नाही म्हणून दुसरा कुणीतरी लिहून द्यायचा. म्हणजे मनातलं बायकोला सांगायचं तेही चारचौघांत! लिहिणाऱ्याची मान खाली, सांगणाऱ्याची नजर तंबूबाहेर, तिसरा ऐकत नसल्यासारखा पायाची पट्टी सोडतोय. ती पट्टी घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत गुंडाळलेली असायची, सुटल्यावर पोटरीवर आडवे वळ काढा, त्या वळांवरनं दिवसभराची चाल कळते.

खाकी रंग रेडिमेड नको. यलो ऑकरमधे (मातकट पिवळा) थोडा बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि किंचित निळा टाका, खांद्यावर उन्हानं विटलेला फिका ठेवा, काखेत घामाचा गडद. चेहरे सगळे एकसारखे हसरे केलेत की चित्र गेलंच म्हणून समजा.

रंग भरायच्या आधी कच्चं चित्र घेऊन परत मेजरकडं जा. मग्गा चुकीच्या हातात आहे, दोर असा बांधत नाहीत, असं काहीबाही सांगतीलच, ते निमूट दुरुस्त करा आणि मगच ब्रश ओला करा.