मोठ्या लॉ फर्मची पर्यावरणीय आणि सामाजिक जबाबदारी: या चुका टाळा

लॉ फर्ममध्ये पर्यावरणाचा विषय निघाला की पहिली नजर जाते प्रिंटरकडे. पाठपोट छापा, प्लास्टिकच्या बाटल्या बंद करा, कागदी कप नकोत. हे करायला हरकत नाही, पण एकदा हिशेब मांडून पाहा. ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) ए-४ कागद ५ ग्रॅम भरतो, ५०० कागदांचं रीम अडीच किलो. म्हणजे एक टन कागद म्हणजे ४०० रीम, तब्बल २ लाख कागद. तेवढा कागद बनवताना साधारण टनभर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. गिरणी कोणतं इंधन जाळते त्यावर थोडं कमी-जास्त. लवादाच्या एका सुनावणीसाठी एखादा भागीदार लांब पल्ल्याच्या विमानानं बिझनेस क्लासमधून जाऊन-येऊन करतो, तेव्हा त्या एका फेरीचं उत्सर्जन याच्या काही पट भरतं. वर्षभराची कागदबचत अशी एका तिकिटात जाते. म्हणून आधी मोजा, मग मोहिमा ठरवा.

प्रवासाचा आकडा कमी लागतो, तो इथे

अशिलाच्या बिलात लावलेला प्रवास ‘अशिलाचा खर्च’ म्हणून हिशेबातून वगळला जातो. हे चूक आहे. तिकिटाचे पैसे शेवटी कोण देतं याला इथे महत्त्व नाही. आपला माणूस आपल्या कामासाठी प्रवास करत असेल, तर ते उत्सर्जन फर्मच्या नावावर लागतं. जीएचजी प्रोटोकॉल ही हरितगृह वायू मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत. तिच्या २०११ च्या स्कोप ३ (फर्मच्या बाहेर, पण तिच्या कामामुळे होणारं उत्सर्जन) मानकात १५ प्रकार आहेत. व्यावसायिक प्रवास हा त्यातला सहावा.

दुसरी गळती ट्रॅव्हल एजन्सीच्या अहवालात असते. घाईत स्वतःच्या कार्डावर काढलेलं आणि नंतर खर्चाच्या दाव्यात मागितलेलं तिकीट त्या अहवालात येतच नाही. त्यामुळे एजन्सीची यादी आणि लेखा विभागाच्या प्रवासखात्यातली रक्कम दर तिमाहीला शेजारी ठेवून ताडून पाहा. फरक ५ टक्क्यांच्या वर गेला, तर दाव्यांच्या पावत्या उघडाव्याच लागतील.

तिसरी चूक आसनाच्या वर्गाची. सगळ्या प्रवासाला इकॉनॉमीचा उत्सर्जनाचा दर लावला की आकडा सुखद दिसतो. पण बिझनेस क्लासचं आसन विमानातली जास्त जागा व्यापतं, म्हणून लांब पल्ल्यावर त्याचा दर इकॉनॉमीच्या साधारण तिप्पट धरतात. तिकिटाच्या नोंदीत वर्गाचा रकाना नसेल, तर एजन्सीकडून तो आजच मागून घ्या. वर्ष उलटल्यावर मिळत नाही. आणि कोण, किती जण, कोणत्या वर्गानं गेले ही नोंदच कपातीची खरी किल्ली आहे. अर्ध्या दिवसाच्या बैठकीसाठी चौघांऐवजी दोघं गेले आणि उरलेले पडद्यावर आले, तर फरक लगेच दिसतो.

वीज ‘शून्य’ दाखवणं

हरित ऊर्जेची प्रमाणपत्रं घेतली आणि विजेचं उत्सर्जन शून्य लिहिलं, ही अर्धी माहिती झाली. जीएचजी प्रोटोकॉलच्या स्कोप २ (विकत घेतलेल्या विजेचं उत्सर्जन) बाबतच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार दोन आकडे शेजारी-शेजारी द्यायचे असतात: ज्या वीजजाळ्यातून पुरवठा होतो त्याच्या सरासरीवर आधारलेला, आणि करार-प्रमाणपत्रांवर आधारलेला. समजा वर्षाला ६ लाख युनिट वापरले आणि जाळ्याचा दर युनिटमागे ०.५ किलो कार्बन डायऑक्साइड आहे, तर पहिला आकडा ३०० टन आणि दुसरा शून्य. वापर घटला की नाही, हे फक्त पहिल्यावरून कळतं.

भाड्याच्या इमारतीत आणखी एक गोष्ट निसटते. मजल्याचं मीटर आपलं असतं, पण मध्यवर्ती वातानुकूलन, लिफ्ट आणि लॉबी घरमालकाच्या मीटरवर चालतात. त्यातला आपला वाटा क्षेत्रफळाच्या प्रमाणात काढा. यंत्रणेत शीतक वायू किती भरला, हेही विचारा. आर-४१०ए हा वायू हवामान तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,००० पट जोरकस आहे. दहा किलोची गळती म्हणजे जवळपास २० टन. भाडेकराराचं नूतनीकरण होतं, तीच ही माहिती मिळवण्याची वेळ. कलम लिहून घ्यायला फर्मइतकं तयार दुसरं कोण असणार?

चुकीचं पायाभूत वर्ष

पायाभूत वर्ष म्हणजे ज्याच्याशी पुढच्या वर्षांची तुलना करायची ते. महासाथीतलं २०२० किंवा २०२१ हे पायाभूत वर्ष धरलं तर पुढचा प्रत्येक प्रवास वाढ म्हणून दिसतो. २०१९ धरून २०२१ मध्ये ‘मोठी कपात’ जाहीर केली, तर ती फर्मची कमाई नसून विमानं उभी होती त्याचा परिणाम असतो. आणखी एक: दुसरी फर्म विलीन झाली किंवा आख्खी टीम आली की जुनं वर्ष नव्यानं मोजायला हवं. कपातीची उद्दिष्टं हवामानविज्ञानाला धरून ठरवण्याच्या आंतरराष्ट्रीय चौकटीत (एसबीटीआय) यासाठी ५ टक्क्यांची मर्यादा सुचवली आहे. बदल त्यापेक्षा मोठा असेल तर पुनर्गणना करा आणि कारण अहवालात लिहा.

दरडोई उत्सर्जन घटलं म्हणून समाधान मानू नका. माणसं दीडपट झाली आणि दरडोई आकडा २० टक्क्यांनी उतरला, तरी एकूण उत्सर्जन २० टक्क्यांनी वाढलेलं असतं.

खरेदी रुपयात, डॉलरात, युरोत मोजून थांबणं

सॉफ्टवेअर, सल्लागार, छपाई, खानपान, फर्निचर यांचं उत्सर्जन खर्चाला गुणक (इतक्या खर्चामागे इतकं उत्सर्जन, असा ठरीव आकडा) लावून काढतात. सुरुवात म्हणून ठीक. पण या पद्धतीत पुनर्वापरित माल महाग घेतला की उत्सर्जन वाढलेलं दिसतं आणि पुरवठादाराकडून सूट मिळवली की घटलेलं. चांगल्या निर्णयाला शिक्षा करणारं मोजमाप फार काळ वापरू नये. खर्चाच्या क्रमानं पहिले २० पुरवठादार काढा, त्यांच्याकडून त्यांचे स्वतःचे आकडे मागवा. बाकीच्यांना गुणक चालेल, मात्र महागाईची दुरुस्ती करून.

आकडा अचानक कोसळला तर

आनंद साजरा करण्याआधी या क्रमानं तपासा: बारा महिन्यांची बारा वीजबिलं आहेत ना, एखादं कार्यालय यादीतून गळलं का, ट्रॅव्हल एजन्सी मध्येच बदलली का, या वर्षी गुणकांची नवी आवृत्ती वापरली का, किलोमीटर आणि मैल एकत्र झाले का. बहुतेक वेळा उत्तर पहिल्या तिनात सापडतं.

प्रो बोनोची सरासरी

प्रो बोनो म्हणजे गरजूंसाठी फी न घेता केलेलं वकिली काम. समजा ४०० वकिलांनी मिळून त्याला १६,००० तास दिले. सरासरी ४० तास, ऐकायला उत्तम. पण त्यातले १२,८०० तास ७० जणांनी दिले असतील, तर उरलेल्या ३३० जणांच्या वाट्याला दहाही तास येत नाहीत. म्हणून सरासरीसोबत सहभागाचं प्रमाण द्या आणि भागीदार आणि असोसिएट (भागीदार नसलेले पगारी वकील) वेगळे दाखवा.

तरुण असोसिएट हे काम का टाळतात, याचं कारण सहसा एकच असतं: हे तास वार्षिक बिलेबल लक्ष्यात (वर्षभरात अशिलांना बिल लावायच्या तासांत) धरले जात नाहीत. धरले जातात असं धोरणात लिहिलेलं असूनही बोनसच्या बैठकीत ते बाजूला पडतात. धोरणाचा कागद न पाहता मागच्या बोनसचा तक्ता पाहा.

खरं नुकसान मात्र ज्याच्यासाठी काम केलं त्याचं होतं. कन्फ्लिक्ट चेक (फर्मच्या दुसऱ्या अशिलाशी हितसंबंध टकरावत नाहीत ना, याची तपासणी) न करता प्रकरण घेतलं आणि तीन महिन्यांनी सोडावं लागलं. ते कामाच्या मर्यादेच्या पत्राशिवाय घेतलं, त्यामुळे अपील कोण करणार हे कुणालाच माहीत नाही. असोसिएट नोकरी सोडून गेला आणि मुदतीची तारीख त्याच्या डायरीतच राहिली. उपाय साधा आहे. प्रो बोनो प्रकरणाला पैसे देणाऱ्या अशिलासारखाच फाइल क्रमांक, देखरेख करणारा एक भागीदार, दुसरा वकील आणि मुदतीची नोंद द्यायची. ज्याला दुसरा वकील परवडत नाही, त्याच्या बाबतीत ढिलाईला अजिबात जागा नाही.

‘आमच्याकडे ५५ टक्के महिला’

१,००० जणांच्या फर्ममध्ये ४०० कार्यालयीन कर्मचारी, त्यात ३०० महिला. ४८० असोसिएट, त्यात २३०. १२० भागीदार, त्यात २४. एकूण ५५४, म्हणून ५५ टक्के. पण भागीदारांत प्रमाण २० टक्के आहे. नफ्यात वाटा असलेले आणि पगारी भागीदार वेगळे केले, तर ते आणखी खाली जाऊ शकतं. पातळीनुसार न फोडलेला आकडा छापू नका. स्त्री-पुरुषांच्या वेतनातली तफावत काढताना ‘भागीदार कर्मचारी नाहीत’ म्हणून त्यांना वगळलं, तर सर्वात मोठी तफावतच बाहेर राहते.

रात्री अकराला मसुदा संपवून निघताना जी माणसं कचरापेटी रिकामी करत असतात, तीही या अहवालात हवीत. सफाई, सुरक्षा, कॅन्टीन कंत्राटदाराकडे असेल, तर त्यांचं वेतन, रजा आणि पाळीचे तास करारात लिहा, आणि वर्षातून एकदा वेतनपत्रकं मागवा.

सल्ल्याचा परिणाम विसरणं

फर्मचा सर्वात मोठा ठसा तिच्या कामात असतो, पण सल्ल्यातून होणारं उत्सर्जन मोजण्याची सर्वमान्य पद्धत अजून नाही. म्हणून ओढूनताणून टनात आकडा देऊ नका. व्यवसाय आणि मानवी हक्कांबद्दलच्या २०११ च्या संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शक तत्त्वांतलं १३ वं तत्त्व व्यावसायिक संबंधांतून जोडल्या जाणाऱ्या हानीबद्दल बोलतं. नवं काम स्वीकारताना त्याचे प्रश्न फॉर्ममध्येच घाला. कोणाच्या जमिनीवर, पाण्यावर, रोजगारावर परिणाम होणार? बाधितांशी बोलणी झाली का? अशिलाला धोका सांगितला का, आणि त्याची नोंद फाइलमध्ये आहे का? एखाद्या क्षेत्राचं काम घेणार नाही असं जाहीर करायचं असेल, तर त्या शब्दांची व्याख्या आधी कामस्वीकृती समितीकडून ठरवून घ्या. बचावाचं काम, व्यवहाराचं काम आणि नियामकापुढचं काम यांना एकच नियम लागू होत नाही.

अशिलांच्या प्रश्नावल्यांना मनुष्यबळ विभाग एक आकडा कळवतो आणि निविदा विभाग दुसरा, असंही होतं. मंजूर आकड्यांचं एकच पत्रक ठेवा. त्यात प्रत्येक आकड्यापुढे कालावधी, व्याप्ती आणि जबाबदार व्यक्तीचं पद लिहा, आणि जुनी आवृत्ती सर्वांच्या फोल्डरमधून काढून टाका.