रस्ता बंद, रेंज नाही आणि दमा उसळला: पावसाळ्यात घरी काय करावं

दम्याचा झटका मध्यरात्री आला असं आपण म्हणतो. नीट आठवून बघा, तो दोन-तीन दिवस आधीपासून घरात वावरत असतो. पहाटे खोकल्यानं जाग येते. परसातून चुलीपाशी येईपर्यंत मध्येच उभं राहावं लागतं. एरवी कधीतरी लागणारा, श्वास मोकळा करणारा निळा पंप दिवसातून तीनदा हातात येतो. माझी आई अशा वेळी म्हणायची, "काय नाही गं, हवा बदललीया." आणि आम्ही ते ऐकून घ्यायचो.

आमचं गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीच्या पट्ट्यात पाऊस लागला की ओढ्यावरून पाणी जातं, वीज गेली की रेंजही जाते. भीमगडच्या जंगलातल्या गावांतून अजूनही आजारी माणसाला खांद्यावरून आणावं लागतं. त्यामुळं दवाखाना लांब असताना काय करायचं हे इथं प्रत्येक दमेकऱ्याच्या घरात माहीत असायलाच हवं.

एक गोष्ट आधीच सांगते. दम्याचं निदान डॉक्टरांनी आधीच केलंय, अशांसाठी हे आहे. पहिल्यांदाच धाप लागली असेल, छातीत दुखत असेल, पायांना सूज असेल, आडवं झालं की गुदमरत असेल, तर ते हृदयाचंही असू शकतं. तिथं पंपावर वेळ घालवू नका, निघा.

मे महिन्यात करायची कामं

पावसाच्या आधी, रस्ता चालू असताना, खानापूरला किंवा बेळगावला एकदा डॉक्टरांना भेटून या आणि कागद लिहून आणा. औषधांची चिठ्ठी असतेच, ती वेगळी. या कागदावर त्रास वाढला तर काय करायचं ते हवं: रोजचा पंप किती घ्यायचा, निळा किती आणि किती वेळानं, स्टेरॉइडच्या गोळ्या घरात ठेवायच्या का, ठेवल्या तर कधी सुरू करायच्या, किती आणि किती दिवस. डॉक्टर गडबडीत असतात, तरी विचारा. "आमच्याकडं रस्ता बंद होतो" हे स्पष्ट सांगा. शहरातल्या डॉक्टरला ते सुचेलच असं नाही. सांगतील ते तिथंच बसून मराठीत लिहून घ्या आणि त्यांना वाचून दाखवा.

निळा पंप म्हणजे बहुतेक वेळा साल्ब्युटामॉल. तो आवळलेल्या श्वासनळ्या तेवढ्यापुरत्या मोकळ्या करतो. आतली सूज उतरवतो तो रोजचा स्टेरॉइडचा पंप. बरं वाटलं की लोक रोजचा बंद करतात आणि निळ्यावर दिवस काढतात, इथंच घात होतो. निळा पंप महिनाभरात संपत असेल तर दमा हाताबाहेर चाललाय असं समजा. रोजचा पंप ओढल्यावर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंड येतं.

एका जुलैत, ओढा भरलेल्या रात्री, आईचा निळा पंप रिकामा निघाला. हलवला की आत खुळखुळ वाजायचं, दाबला की फवाराही यायचा, त्यामुळं औषध आहे असंच आम्हाला वाटत राहिलं. औषध संपल्यावरही नुसता वायू येत राहतो, हे तेव्हा कळलं. त्या रात्रीपासून आमच्या फडताळात वही आहे. साल्ब्युटामॉलच्या पंपात साधारण २०० फवारे असतात. आकडा दिसणारा पंप नसेल तर प्रत्येक फवाऱ्याला वहीत एक रेघ ओढायची, १५० झाल्या की नवा आणायचा. पावसाळ्यात एक न फोडलेला पंप घरात जास्तीचा हवाच.

बाटलीचा स्पेसर

पंप थेट तोंडात मारला तर बरंचसं औषध जिभेवर आणि घशात बसतं. धाप लागलेल्या माणसाला दाबणं आणि ओढणं एकाच वेळी जमत नाही. म्हणून मध्ये स्पेसर, म्हणजे फवारा धरून ठेवणारी पोकळ नळी लावतात. मेडिकलमध्ये मिळाला तर घ्याच. नाही मिळाला तर अर्ध्या लिटरची प्लॅस्टिकची बाटली चालते, आणि चांगली चालते.

बाटली धुऊन घ्या. बुडावर पंपाचं तोंड टेकवून पेनानं आकार काढा. तार तापवून त्याच आकाराचं भोक पाडा, पण हे अंगणात करा आणि दमेकरी माणसाला लांब ठेवा. पंपाचं तोंड भोकात घट्ट बसलं पाहिजे. फट राहिली तर टेप लावा. मग भांड्याच्या साबणाच्या पाण्यातून बाटली काढायची आणि तशीच निथळत वाळू द्यायची. आतून फडक्यानं पुसू नका, पुसलं की औषध भिंतीला चिकटतं. पंप बुडात, आणि बाटलीचं तोंड माणसाच्या तोंडात. आईनं पहिल्यांदा ती हातात घेतली तेव्हा फिरवून फिरवून बघितली, आणि चार श्वास झाल्यावर म्हणाली, "घशात कडू लागलं नाही की गं."

त्रास वाढू लागला की

खुणा दिसल्या त्या दिवशीच कागद काढा आणि त्यात लिहिलंय ते सुरू करा. स्टेरॉइडच्या गोळ्यांचा गुण यायला काही तास लागतात, म्हणून कागदात असतील तर रात्रीची वाट बघू नका. साखरेचा आजार असेल तर या गोळ्यांनी साखर वाढते, ती तपासत राहा. कागदात नसतील तर शेजाऱ्याच्या डब्यातल्या घेऊ नका. दम्यावरची बिननावाची पुडीही नको, आत काय घातलंय ते कळायला मार्ग नसतो. अंगदुखीच्या काही गोळ्यांनी, म्हणजे अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकनं, काही दमेकऱ्यांना झटका येतो. झोपेची गोळी तर मुळीच नको.

रेंज असेल तर याच वेळी डॉक्टरांना फोन करा, आशाताईंना कळवा, गावात गाडी कुणाची आहे ते विचारून ठेवा. रस्ता चालू असेल तर आजच निघा. उद्याचा ओढा कुणी बघितलाय?

चूल, उदबत्ती, मच्छरची कॉइल, दमट घोंगडी, ओलीनं बुरशी धरलेली भिंत, यातलं जे हलवता येतं ते हलवा. स्वयंपाक दुसऱ्या कुणीतरी करावा.

झटका आला की

१. माणसाला ताठ बसवा, किंचित पुढं झुकवून, हात टेबलावर किंवा उशीवर. झोपवू नका. भोवतीची गर्दी कमी करा.

२. पंप हलवा. बाटलीत एक फवारा मारा, चार सावकाश श्वास घ्यायला लावा. मग दुसरा फवारा. असे चार, एकेक करून. चारही एकदम मारले तर औषध वाया जातं.

३. चार मिनिटं थांबा, घड्याळ बघून. फरक नसेल तर पुन्हा चार.

४. तरीही उतार नसेल तर निघायची वेळ झाली. मदत पोचेपर्यंत हेच चालू ठेवायचं. हात थरथरतील, छाती धडधडेल, ते या औषधानं होतंच.

आराम पडला, पण तीन-चार तासांत पुन्हा पंप लागला, तरीही निघायचं.

काही खुणा दिसल्या तर फवारे मोजत बसायचं नाही, लगेच निघायचं. एक वाक्य सलग बोलता येत नाही. ओठ, नखं निळसर पडतात. माणूस गुंगीत जातो किंवा बरळतो. मिनिटाला तीसच्या वर श्वास होतात. सगळ्यात फसवी खूण म्हणजे छातीतली सुंई-सुंई अचानक थांबते आणि धाप मात्र तशीच राहते. घरच्यांना वाटतं, उतार पडला. खरं तर हवाच आत जात नसते. कोविडच्या वेळचं बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं मशीन घरात असेल तर ते लावा. ९२ च्या खाली आकडा म्हणजे तातडीनं दवाखाना. बोट गार असेल तर आधी चोळून गरम करा. आकडा चांगला आला तरी वरच्या खुणांना जास्त माना.

निघताना

१०८ ला फोन लावला की आधी राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव सांगा. आमच्याकडं फोन कधी गोव्याचा टॉवर धरतो, निपाणी-चंदगडकडं महाराष्ट्राचा, आणि त्या दोन्ही राज्यांतही १०८ च आहे. समोरचा कन्नडमध्ये बोलला तर "उसिराटद तोंदरे" एवढे दोन शब्द पुरतात. त्याचा अर्थ, श्वासाचा त्रास. गाडी गावात येणार नसेल तर कुठल्या फाट्यावर भेटायचं ते ठरवूनच फोन ठेवा.

खांद्यावरून न्यायचं झालं तर घोंगडीच्या झोळीत आडवं नेऊ नका. खुर्चीला दोन बांबू बांधा आणि बसवून न्या. पंप, बाटली, कागद आणि रेघांची वही एका पिशवीत, आणि ती पिशवी माणसाच्या मांडीवर. वाटेतही दर काही मिनिटांनी थांबून फवारे द्यायचे असतात.

घरीच उतार पडला तरी रस्ता उघडताच, शक्यतो एक-दोन दिवसांत, डॉक्टरांना दाखवा. सूज आत शिल्लक असते आणि दुसरा झटका त्याच आठवड्यात येऊ शकतो. जाताना वही न्या. आईच्या वहीतल्या रेघा बघूनच डॉक्टरांनी तिचा रोजचा पंप वाढवला.