माउंटडी आणि बदलणारा पोर्ट: नव्या सिस्टिम ॲडमिनसाठी

हिंजवडीतल्या माझ्या पहिल्या नोकरीत एनएफएस सर्व्हर, म्हणजे नेटवर्कवरून इतर यंत्रांना आपले फोल्डर वापरू देणारा सर्व्हर, माझ्याकडे आला, तेव्हा कोणते फोल्डर कोणाला द्यायचे हे सांगणारी एक्स्पोर्ट्स फाइल लिहून ती लागू करणारी 'एक्स्पोर्टएफएस -आरए' कमांड चालवणे मला येत होते. एनएफएस आवृत्ती 3 चा क्लायंट, म्हणजे ते फोल्डर स्वतःला जोडून घेणारे (माउंट करणारे) यंत्र, आधी 111 पोर्टवरच्या आरपीसीबाइंडला, म्हणजे कोणती सेवा कोणत्या पोर्टवर आहे हे सांगणाऱ्या सेवेला, विचारतो, की 100005 क्रमांकाचा प्रोग्रॅम, म्हणजे माउंटडी, कुठे आहे. माउंटडी परवानगी तपासून फाइल हँडल, म्हणजे त्या फोल्डरची ओळखखूण, देतो आणि पुढचे वाचन-लेखन 2049 वर चालते, हेही मला पाठ होते. म्हणून 111, 2049 आणि त्या दिवशी 'आरपीसीइन्फो -पी' ने दाखवलेला माउंटडीचा पोर्ट मी फायरवॉलमध्ये उघडला आणि निश्चिंत झालो.

काही आठवड्यांनी कर्नल अपडेटनंतर सर्व्हर रीबूट झाला आणि नवी माउंट मागणी एकही पुरी होईना. आधीच माउंट असलेल्या यंत्रांकडे हँडल होतेच, त्यामुळे त्यांचे काम नीट चालले होते. सर्व्हरवरच 'शोमाउंट -ई' चालवले तर यादीही येत होती. या दोन गोष्टींमुळे मी दोन रात्री एक्स्पोर्ट्स फाइलच चाळत बसलो. पोर्ट नेमून दिलेला नसला, तर माउंटडी दर वेळी सुरू होताना मिळेल तो मोकळा पोर्ट घेतो. आमच्या डेबियन लिनक्सवर तसेच झाले होते, आणि फायरवॉल मात्र जुन्याच पोर्टसाठी उघडी होती. एनएफएस.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमधल्या माउंटडी विभागात पोर्ट 20048 लिहा, सेवा पुन्हा सुरू करा, तोच पोर्ट फायरवॉलमध्ये उघडा आणि तपासणी सर्व्हरवरून नव्हे, क्लायंटवरून करा. फाइल लॉकिंग लागत असेल, तर स्टॅटडी आणि लॉकडी या लॉकिंगच्या सेवांचेही पोर्ट असेच नेमावे लागतात.

त्या रात्री एका वरिष्ठांनी फायरवॉल बंद करून टाकायला सांगितले. हा सल्ला मला आजही पटत नाही, कारण माउंट होताच सगळे घरी जातात आणि फायरवॉल महिनोन्महिने बंद राहते. जे वरिष्ठ कमांड सांगण्याआधी तुम्हाला लॉग वाचायला लावतात, त्यांच्याच हाताखाली शिका.

माउंट अडकले म्हणून घाबरू नका. त्या दोन रात्रींत आमची एकही फाइल हरवली नाही. आवृत्ती 4 ला तर केवळ 2049 पुरतो. पण आवृत्ती 3 वापरत आहात तोवर, पोर्ट नेमल्यावर सर्व्हर एकदा मुद्दाम रीबूट करा आणि ज्या यंत्रावर अजून माउंट केलेले नाही, तिथूनच माउंट करून पाहा.