चिखलदऱ्याला चार दिवस एमटीबी (डोंगरात चालवायची माउंटन बाइक) न्यायची असेल तर प्लॅन असा करा

दिवाळी झाली की आपल्या इकडच्या सायकलवाल्या ग्रुपांत एकच गोष्ट सुरू होते, चिखलदऱ्याला जाऊ, चार दिवस राहू, आणि मग कोणीतरी मॅप उघडून सांगते की परतवाड्याहून तीसेकच किलोमीटर आहे भाऊ, दोन तासात वर पोहोचतो. प्लॅन इथंच फसते राजेहो. सपाट रोडवर किलोमीटर मोजून चालते, घाटात नाही. घाटाच्या खालचं परतवाडा समुद्रसपाटीपासून ३७० मीटरच्या आसपास आहे अन् मेळघाटातलं थंड हवेचं चिखलदरा ११०० च्या आसपास, म्हणजे ७०० मीटरच्या वर चढायचं, आणि मधात लागणाऱ्या धामणगाव गढी गावापर्यंत तर चढ म्हणावा असं काही विशेष लागतच नाही, सगळा हिशोब त्याच्या पुढं. त्यामुळं वहीत पहिले लिहायचे दोन आकडे, चढाचे मीटर आणि उजेडाचे तास. किलोमीटर तिसऱ्या नंबरवर.

ढोबळ हिशोब असा धरा की रोज थोडीफार सायकल चालवणारा माणूस बॅग घेऊन तासाला ३०० मीटर चढते, त्यात सपाट तुकड्याचा वेळ मिळवा, चहा-पाणी-पंक्चर-फोटो यांचा एक तास मिळवा. परतवाड्याहून वर जायला असे चार-साडेचार तास सहज होतात. डिसेंबरात पावणेसहाच्या आसपास सूर्य बुडते आणि झाडीत अंधार त्याच्याही आधी पडते, म्हणून रोज तीन वाजता मुक्कामावर असायचं असं ठरवून मागं मोजत या, सकाळी किती वाजता निघायचं ते आपोआप निघते. हा तीनचा नियम तुमच्या पायांसाठी नाही, अस्वलासाठी आहे. मेळघाटात वाघ आहे, बिबट्या आहे, गवा आहे, पण सायकलवाल्यानं सगळ्यात जास्त अस्वलाला सांभाळून राहायचं, काहून की ते वळणावर अचानक समोर आलं की पळायच्या आधी अंगावर येते, आणि सायकलचा आवाज त्याला ऐकूच जात नाही. आंधळ्या वळणावर घंटी वाजवा, मोठ्यानं बोला. मार्च-एप्रिलात मोहफुलं पडतात तेव्हा तर पहाटे झाडाखाली जायचंच नाही. तसं त्या दिवसांत खालच्या गावांत ऊनच इतकं असते की सायकलचं नाव काढू नये.

सीझन म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात धबधबे, धुकं सगळं झकास दिसते पण शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते आणि कच्च्या वाटेवर चिखल. खालच्या काळ्या मातीचं तर विचारूच नका, टायर आणि फ्रेमच्या मधात अशी बसते की चाक फिरत नाही, सायकल खांद्यावर घ्यावी लागते. सुट्टी भेटत असेल तर सोमवार ते गुरुवार जा, रूमही आरामात भेटते.

आता परवानगीचं. १९७३-७४ मध्ये देशात पहिले ९ व्याघ्र प्रकल्प झाले त्यातला मेळघाट एक आहे, त्यामुळं मॅपवर दिसणारी प्रत्येक पायवाट आपल्यासाठी नाही. डांबरी रोड सोडून जंगलात सायकल घालायची म्हणजे वनविभागाची परवानगी पाहिजे, आणि कोअर एरिया, म्हणजे वाघासाठी राखलेला आतला भाग, तर डोक्यातून काढूनच टाका. पोट्टे सांगतात, कोणी पाहत नाही, घुसून जाऊ. कोणी पाहत नसेल तर पडल्यावर उचलणारंही कोणी नसते हे त्यांच्या ध्यानात येत नाही. निघायच्या पंधरा दिवस आधी ऑफिसात फोन करून विचारायचं की कोणता रोड सायकलला चालू आहे, कोणत्या गेटवर नोंद करावी लागते, किती वाजेपर्यंत सोडतात. जे सांगतील ते नाव-तारीख टाकून लिहून ठेवा, गेटवर कामी येते.

मुक्काम रोज बदलायच्या भानगडीत पडू नका. बाहेरच्या लोकांचे टूर पाहून आपल्यालाही वाटते की रोज नवीन गाव पाहिजे, पण मग रोज सगळं सामान पाठीवर, आणि सामान असलं की एमटीबीची अर्धी मजा गेली. चिखलदऱ्याला एकच ठिय्या करा, एमटीडीसीचं रिसॉर्ट आहे, खाजगी लॉज आहेत, बुक करताना सायकली रात्री आतमध्ये ठेवता येतील का हे आधी विचारा. आदल्या संध्याकाळी परतवाड्यात झोपा, पहिल्या दिवशी सकाळी चढा आणि दुपारनंतर काहीच करू नका, खा अन् पडून राहा. दुसरा दिवस वरच्या पठारावर, मोथा, शहापूर, देवी पॉइंट, रिकाम्या सायकलीवर, अंगाला हलका. हिवाळ्यात मोथ्याकडं स्ट्रॉबेरी लावतात, तिकडं थांबलात तर अर्धा तास तिथंच जाईल तो धरून चाला. गाविलगडला सायकल बाहेर लावून पायी फिरा, दोन-तीन तास ठेवा, घाईत पाहायचा किल्ला नाही तो. तिसऱ्या दिवशी पाय खरं काय ते सांगतात, कोणाचे चालत असतील आणि रोड चालू असेल तर सेमाडोहच्या बाजूला उतरा, पण जितकं उतराल तितकं परत चढायचं आहे हे उतरताना कोणाच्याच ध्यानात राहत नाही, म्हणून कुठून वळायचं ते रूमवरच ठरवा. नाहीतर सरळ आराम. चौथ्या दिवशी सकाळी उतार.

सायकलीबद्दल लोक फार विचारतात. पुढं-मागं दोन्हीकडं शॉक असलेली महागडी फुल सस्पेन्शन लागत नाही, फक्त पुढं शॉक असलेली हार्डटेल, डिस्क ब्रेक, आणि मागं मोठी कॅसेट, म्हणजे मागच्या चाकाच्या गिअरचक्र्या, असली की काम झालं. समोर ३२ दात अन् मागं ५० च्या आसपास असेल तर घाटात उतरून ढकलावं लागत नाही. खरा दुश्मन आपल्याकडं वेगळाच आहे, सराटे आणि बाभळीचे काटे. बाहेरचे गाइड वाचाल तर दोन ट्यूब सोबत ठेवा म्हणतात, आपल्याकडं धुऱ्यावरून सायकल एकदा घातली तर दोन्ही ट्यूब तिथंच संपतात. ट्यूबलेस करून घ्या, २९ इंची टायरला ९० ते १२० मिली सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारं पातळ औषध, आणि ते निघायच्या आठवड्यात नवीन टाका, काहून की आपल्या उन्हात जुनं सीलंट वाळून टायरमध्ये नुसती साय उरते. काटा उपटला की भोक खाली येईल असं चाक फिरवा, सीलंट तिथं येऊन बसते. ट्यूबवालीच न्यायची असेल तर पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून कापड फिरवून पाहा, तुटलेलं टोक आतच राहिलं असते आणि नवीन ट्यूब दहा मिनिटात पुन्हा पंक्चर होते. हवा ठासून भरू नका, ७०-७५ किलोच्या माणसाला सव्वादोन इंची ट्यूबलेस टायरमध्ये गोट्यांच्या वाटेवर २४-२५ पीएसआय पुरते, डांबरावर थोडी जास्त चालते.

सोबत डिरेलर हँगर, म्हणजे मागचा गिअर फ्रेमला धरून ठेवणारा छोटा तुकडा, न्या, प्रत्येक मॉडेलचा वेगळा असते, एक आपट लागली की वाकते, आणि तो परतवाड्यातच काय अमरावतीतही लगेच भेटेल असं धरून चालू नका, महिनाभर आधी मागवा. बाकी चेनची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), ब्रेक पॅडचा एक जोड, पंप, मल्टिटूल, झिप टाय. हे सगळं एकाच्याच बॅगेत भरू नका, तो पुढं निघून गेला की मागच्यांचा खेळ खल्लास.

प्रॅक्टिसला डोंगर कुठून आणायचा? अमरावतीवाल्यांना पोहऱ्याकडचा जंगलाचा रोड आहे, बाकीच्यांनी रेल्वेचा उड्डाणपूल पकडायचा, खालीवर दहा-पंधरा चकरा, लोक हसतात, हसू द्या. समोरून वारा असताना शेताच्या रोडनं तासभर बसून चालवणं हीसुद्धा घाटाचीच तयारी आहे. निघायच्या आधी एकदा तरी लागोपाठ दोन दिवस मोठी राइड करा, एका दिवसाचा दम सगळ्यांकडं असते, दुसऱ्या दिवशी सीटवर बसवते की नाही ते तेव्हाच कळते.

खायला पाकिटातलं एनर्जी जेल-बिल कशाला, गूळ-शेंगदाणे, खजूर, केळी, आणि हंगाम असला तर संत्री, अचलपूर-परतवाड्याचा पट्टा संत्र्याचाच आहे. पाणी माणशी तीन लिटर, त्यात एका बाटलीत ओआरएस. तर्री पोहे चढाच्या आधी खाऊ नका, वर पोहोचल्यावर खा. हिवाळ्यात रात्री वर चांगलीच थंडी पडते, जॅकेट आणि पूर्ण बोटांचे ग्लोव्हज पाहिजेतच.

नेटवर्क चिखलदऱ्यात भेटते, जंगलात उतरलं की गायब, म्हणून मॅप ऑफलाइन आणि सोबत छापील कागदही. शेवटी चालणारा माणूस ग्रुपमधला सगळ्यात तयारीचा ठेवा, त्याच्या मागं कोणी राहायचं नाही. जवळचं मोठं सरकारी म्हणजे अचलपूरचं उपजिल्हा रुग्णालय, अँब्युलन्सला १०८. चौघं-पाच जण असाल तर एक पिकअप ठरवून घ्या, ड्रायव्हरला वेळ आणि जागा लिहून द्या, फोन लागला नाही तर किती वाजता शोधायला निघायचं तेही सांगून ठेवा.

उताराला मात्र अख्खी सकाळ द्या. लोकांचं काय होते, शेवटचा दिवस, घरी जायची घाई, दुपारी जेवून सुस्त होऊन निघतात, आणि पडतात. ब्रेक सारखा धरून ठेवला की डिस्क तापते, लिव्हर मऊ लागायला लागते, म्हणून वळणाच्या आधी जोरात दाबा, वळणात सोडा, सीट एक-दोन इंच खाली घ्या, दोन्ही पेडल एका लेव्हलला ठेवा, आणि अर्ध्यात थांबून डिस्क थंड होऊ द्या, हात लावून पाहू नका, चटका बसते. रोडवर माकडं आणि त्यांना खाऊ टाकणाऱ्या गाड्या, दोन्ही अचानक थांबतात. धामणगाव गढीला उतरून चहा झाला की पुढं परतवाड्यापर्यंत सोपं आहे, पिकअप तिथंच बोलावली तरी कोणी नावं ठेवत नाही.