शंभर कोटी ओळींच्या टेबलावर क्वेरी रेंगाळते तेव्हा

क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) मंदावली की बहुतेकांचा हात आधी नव्या इंडेक्सकडे, म्हणजे ओळी लवकर शोधून देणाऱ्या सूचीकडे, जातो. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसमधील टेबल शंभर कोटी ओळींच्या घरात गेलेले असताना ही घाई महागात पडते, कारण प्रत्येक इंडेक्स डिस्कवर जागा अडवतो आणि नवी नोंद घालण्याचा खर्च वाढवतो.

म्हणून प्रथम क्वेरीच्या आधी ‘एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ’ लावून तिचा प्लॅन, म्हणजे ती कोणत्या पायऱ्यांनी चालते ते, पाहावा. ही आज्ञा क्वेरी खरोखरच चालवते; तेव्हा अपडेट किंवा डिलीट तपासताना ट्रान्झॅक्शन (एकत्र मान्य वा रद्द होणाऱ्या बदलांचा गट) उघडून शेवटी रोलबॅक करण्यास, म्हणजे बदल मागे घेण्यास, विसरू नये.

प्लॅनमध्ये वेळेच्या आधी ओळींचे आकडे वाचावेत. अंदाज 40 ओळींचा आणि प्रत्यक्षात आल्या 4 लाख, असे दिसले तर दुखणे बहुधा तिथेच असते: थोड्याच ओळी येतील असे धरून प्लॅनरने (प्लॅन ठरवणाऱ्या भागाने) नेस्टेड लूप (एका टेबलाच्या प्रत्येक ओळीसाठी दुसऱ्यात शोध घेण्याची पद्धत) निवडलेला असतो आणि आतला शोध लाखो वेळा चालतो. अशा चुकीमागे अनेकदा शिळी आकडेवारी, म्हणजे प्लॅनर अंदाजासाठी वापरतो ती टेबलाबद्दलची जुनी माहिती, असते. मूळ सेटिंगनुसार ऑटोव्हॅक्यूम (आपोआप चालणारी देखभाल) सुमारे 10 टक्के ओळी बदलल्यावरच अ‍ॅनालाइझ (ही आकडेवारी ताजी करणारी आज्ञा) चालवतो, म्हणजे आपल्या टेबलात 10 कोटी बदल होईपर्यंत तो हलत नाही. हे प्रमाण ‘ऑल्टर टेबल’ या आज्ञेने त्या टेबलापुरते 1 टक्का किंवा त्याहून कमी करावे. तूर्त अ‍ॅनालाइझ हाताने चालवण्यास कचरण्याचे कारण नाही. मूळ सेटिंगमध्ये ते सारे टेबल न वाचता 30,000 ओळींचा नमुना घेते.

अंदाज बरोबर असूनही क्वेरी संथ असेल, तरच इंडेक्सचा विचार करावा. अट ‘ग्राहक क्रमांक अमुक आणि तारीख तमुकनंतरची’ अशी असल्यास इंडेक्समध्ये ग्राहक क्रमांक आधी व तारीख नंतर ठेवावी. क्रम उलटा केला तर त्या तारखेनंतरच्या सर्वच ग्राहकांच्या नोंदी चाळाव्या लागतात. अटीत तारखेच्या कॉलमवर फंक्शन लावलेले असेल तर साधा इंडेक्स त्या अटीसाठी निरुपयोगी ठरतो, म्हणून तिथे सुरुवातीची आणि शेवटची वेळ देऊन तुलना करावी.

चालू टेबलावर इंडेक्स ‘कनकरंटली’ या पर्यायानेच बांधावा. एरवी तो पूर्ण होईपर्यंत टेबलातील लेखन अडून राहते. हे काम मध्येच फसले तर अवैध इंडेक्स मागे उरतो, जो क्वेरीच्या उपयोगी पडत नाही पण लेखनाचा भार मात्र वाढवू शकतो. तो आधी काढून टाकावा आणि मगच पुन्हा प्रयत्न करावा.